दादांची फटफटी

घरांत एखादी वस्तु बंद पडली कीं घरांतल्या माणसांचे दोन पक्ष होतात. एक पक्ष म्हणतो, ‘काढून टाका, जागा तरी मोकळी होईल.’ दुसरा म्हणतो, ‘राहूं द्या, खायला तर मागत नाहीं.’ भिंतीवरचें घड्याळ, शिवणाचें यंत्र, आजोबांचा फोनो या सर्वांवरून आमच्या वरोऱ्याच्या घरांत असे पक्ष पडलेले आहेत, आणि बहुधा दुसऱ्या पक्षाचा जय होऊन वस्तु माळ्यावर गेलेली आहे. परंतु २००१ सालापासून पडवींत ताडपत्रीखालीं उभी असलेली दादांची फटफटी माळ्यावर जाण्यासारखी नव्हती. ती येतांजातां सर्वांच्या गुडघ्यांस लागे, आणि तिचा विषय दर दिवाळीस निघे.

दादा म्हणजे माझे थोरले बंधु. माझ्याहून चौदा वर्षांनीं मोठे. आतां सत्त्याऐंशी वर्षांचे आहेत. जनावरांचे डॉक्टर म्हणून त्यांची सारी नोकरी चांदा जिल्ह्यांत झाली. चांद्याचें चंद्रपूर झालें, १९८२ सालीं त्यांतून गडचिरोली जिल्हा निराळा निघाला, तरी दादांच्या तोंडीं अजून चांदाच आहे. त्या काळीं वरोऱ्याहून चिमूरकडच्या आडगांवीं जावयाचें म्हणजे बैलगाडी, सायकल, नाहीं तर पाय. १९६७ सालीं दादांनीं कर्ज काढून बुलेट घेतली. मद्रासेस १९५५ सालीं एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाल्यापासून या गाड्या आपल्या देशांत होऊं लागल्या होत्या. पण आमच्या आळींत ही पहिलीच. वरोऱ्यास यंत्राचें तसें नवल नाहीं. एकोणिसाव्या शतकांत येथें सरकारी कोळशाची खाण होती व तिच्यापायीं वर्ध्याहून आगगाडी आली. १९०६ सालीं खाण बंद पडली, आगगाडी राहिली. पण तीं यंत्रें सरकारचीं, आणि ही फटफटी आमची! तिचा आवाज स्टेशनाकडून ऐकूं आला कीं आई चहाचें आधण ठेवी.

१९७३ सालच्या गणपतींत मात्र या गाडीपायीं घरावर मोठें संकट आलें. मी त्या वेळीं नागपुरास बी. एस्‌सी.च्या वर्गांत होतों व सुटीस घरीं आलों होतों. गौरी गेल्या त्याच्या दुसरे दिवशीं दादा शेगांवच्या पलीकडे एका शेतकऱ्याचा बैल पाहावयास निघाले, आणि वाटेंत एका मोरीजवळच्या वळणावर गाडीसह खड्ड्यांत गेले. डाव्या मांडीचें हाड मोडलें. नागपुरास चार महिने ते अंथरुणावर होते. हाड सांधलें, पण पाय अर्धा इंच आखूड झाला. तेव्हांपासून दादा किंचित् लंगडतात. ‘एकाएकीं म्हैस आडवी आली,’ असें आम्हां सर्वांस कळलें. पुढें पन्नास वर्षें आमच्या घरांत कोणी गाडी जोरानें हांकूं लागला कीं ‘दादांची म्हैस आठव’ असें म्हणण्याचा प्रघातच पडला. ही म्हैस वाचकांनींहि ध्यानांत ठेवावी.

गेल्या दिवाळींत दादांचा पंधरा वर्षांचा नातू पुण्याहून आला. त्याच्या वडिलांनीं, म्हणजे माझ्या पुतण्यानें, दिवाळी आटोपतांच गाडी भंगारवाल्यास देण्याचें ठरविलें होतें. मुलानें ताडपत्री काढली, गाडीभोंवतीं दोन फेऱ्या घातल्या आणि विचारलें, “आजोबा, ही चालूं होईल का हो?”

दादा आरामखुर्चींत वर्तमानपत्र वाचीत होते. मान वर न करतां म्हणाले, “मला काय विचारतोस? तिला विचार.”

मुलानें किक दाबली तेव्हां इंजिन फिरलें. म्हणजे आंतला पिस्टन धरला नव्हता. परंतु उजव्या हाताची मूठ कांहीं केल्या पिळेना. ‘कार्ब्युरेटर अडकला आहे,’ असें मीं शास्त्रशिक्षकाच्या अधिकारानें सांगितलें. विद्यार्थिदशेंत मीं हाच कार्ब्युरेटर एकदां उघडून साफ केला होता. तेवढ्या बळावर या विषयांत मला सर्व कळतें असा माझा समज होता.

ज्या भगिनींना व बंधूंना या यंत्राचा परिचय नाहीं त्यांच्याकरितां दोन शब्द सांगतों. कार्ब्युरेटर म्हणजे इंजिनाचें स्वयंपाकघर. पेट्रोल आणि हवा यांचें मिश्रण येथें तयार होतें. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा लागते. हवेची वाट मध्यें मुद्दाम अरुंद केलेली असते. अरुंद जागीं हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो, आणि खालच्या भांड्यांतील पेट्रोल बारीक भोकांतून वर ओढलें जाऊन त्याचा फवारा उडतो. जर्मनींत विल्हेल्म मायबाख यानें १८९३ च्या सुमारास ही फवाऱ्याची युक्ति काढली. ज्या पितळी तुकड्याला हें भोंक असतें त्यास जेट म्हणतात. देवावर पडणारी धार जशी अभिषेकपात्राच्या भोंकावर अवलंबून, तसेंच हें. आमच्या गाडीस अमल या इंग्रजी बनावटीचा कार्ब्युरेटर आहे. तीन कंपन्या १९२७ सालीं एक झाल्या, त्या एकीकरणावरूनच हें नांव पडलें. त्याच्या मुख्य जेटवर जो आंकडा कोरलेला असतो, तो मिनिटास किती घन सेंटिमीटर पेट्रोल त्यांतून जाईल याचा असतो. भांड्यांतील पेट्रोलाची उंची कायम राहावी म्हणून त्यांत एक फ्लोट तरंगत असतो. गच्चीवरच्या टाकींतला चेंडू जें काम करतो तेंच त्याचें. आणि हवेच्या वाटेंत वरखालीं सरकणारी, पेल्यासारखी आंतून पोकळ अशी एक झडप असते. तिला स्लाइड म्हणतात. मूठ पिळली कीं तारेनें स्लाइड वर येते व गाडी पळते. मूठ सोडली कीं स्प्रिंगच्या रेट्यानें ती खालीं येते. स्लाइड वर गेली नाहीं तर गाडी पळत नाहीं, आणि वर गेलेली खालीं आली नाहीं तर आवरत नाहीं.

आतां हे भाग अडकतात कां? आमच्याकडे उन्हाळ्यांत पारा पंचेचाळिसाच्या वर जातो. भांड्यांत राहिलेलें पेट्रोल उडून जातें, पण सगळें उडत नाहीं. जें राहतें त्याचा हवेशीं संयोग होऊन चिकट राळ बनते व कालांतरानें ती कांचेसारखी कठीण होते. पळसावरची लाख ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस तिचा रंग निराळा सांगावयास नको. दुसरें कारण पावसाळ्याचें. कार्ब्युरेटरचें अंग जस्ताच्या मिश्रधातूचें व जेट पितळेचे. दोन निराळ्या धातू एकमेकांस लागून राहिल्या व मध्यें ओल शिरली कीं त्यांच्यांत विजेचा सूक्ष्म व्यवहार सुरू होतो, जस्त झिजतें, आणि आट्यांमध्यें पांढरा खार जमतो. चोवीस उन्हाळे आणि चोवीस पावसाळे या दोहोंनीं मिळून दादांचा कार्ब्युरेटर एकसंध दगडासारखा करून ठेवला होता.

पहिल्या दिवशीं मीं घाई केली. भांड्याच्या झांकणास तीन लहान स्क्रू असतात. त्यांतले दोन कुरकुरत सुटले. तिसरा हालेना, म्हणून मीं सर्व शरीराचा भार पेचकसावर टाकला. पेचकस निसटला, स्क्रूच्या डोक्याची खांच भाकरीच्या कडेसारखी तुटली, आणि माझ्या तळहातास रक्त आलें. मुलगा माझ्याकडे पाहात होता. वर्गांत प्रयोग फसला कीं मुलें जशीं पाहतात तसाच. दादांनीं वर्तमानपत्राचें पान उलटलें.

दुसरे दिवशीं मीं गांवांतल्या एका जुन्या मिस्त्रींस बोलावलें. साठीचे गृहस्थ; त्यांच्या वडिलांचेंहि दुकान होतें. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे नवे कडक नियम लागू झाले, तेव्हांपासून नव्या मोटारसायकलींत कार्ब्युरेटर जवळजवळ नाहींसाच झाला आहे; पेट्रोलाचें माप आतां विजेचें यंत्र करतें. त्यामुळें मिस्त्रींचा मुलगा संगणक लावून गाड्या तपासतो, आणि बापाकडे आमच्यासारखीं जुनीं खोडें येतात. त्यांनीं माझी करामत पाहिली, स्क्रूवरून अंगठा फिरविला आणि ते म्हणाले, “जोर नका लावू जी गुरुजी. जोर लावला त याचं तोंड मोडते, अन् मंग तो कधीच नाही निघत. पहिले त्याले विचारा, कशानं बसला. राळेनं बसला असन त थिनर. खारानं बसला असन त डिझेल अन् गरम पाणी. कोणं आवळून ठेवला असन, त त्याचं दुखणं अलग असते.”

हें एवढें वाक्य म्हणजे या विद्येचें सूत्र होय असें मला आतां वाटतें. पुढचे पांच दिवस आम्ही तिघांनीं तेंच सूत्र चालविलें.

कार्ब्युरेटर इंजिनापासून सोडवून अंगणांत आणला. रॉकेल हल्लीं सहज मिळत नाहीं, म्हणून डिझेलांत तो दोन दिवस बुडवून ठेवला. तुटलेल्या स्क्रूची खांच मिस्त्रींनीं करवतीच्या पात्यानें पुनः खोल केली, आणि तिच्यांत रुंदीस व जाडीस अगदीं बेताचा बसेल असा पेचकस कानशीवर घासून तयार केला. मग पेचकसाच्या डोक्यावर हातोडीचे चार हलके टोले दिले. टोल्यानें आट्यांमधला खार तडकतो. त्यानंतर जें केलें तें पाहून मुलाला आश्चर्य वाटलें: मिस्त्रींनीं स्क्रू सोडविण्याऐवजीं आधीं केसभर आवळला. जराशी ‘टक्‌’ झाली. मग केसभर उलटा, पुनः सुलटा, पुनः उलटा, असें करीत करीत पाव घटकेंत तो स्क्रू बोटांनीं निघूं लागला. सोडवावयाच्या दिशेनेंच सतत ओढलें तर मधला चुरा पुढें दाटतो. मागेंपुढें केलें तर तो मोकळा होतो.

जेटांची गोष्ट निराळी. पितळ मऊ, त्याची खांच एकदां गेली कीं संपलें. तेथें उष्णतेनें काम केलें. जस्ताची ही धातु तापली असतां पितळेच्या सुमारें दीडपट व पोलादाच्या दुपटीहून अधिक प्रसरण पावते. म्हणून सबंध कार्ब्युरेटर उकळत्या पाण्यांत ठेवला कीं बाहेरचें घर आंतल्या जेटापेक्षां अधिक मोठें होतें आणि पकड ढिली पडते. ज्योत लावावयाची नाहीं, हें मिस्त्रींनीं मुलाकडून दोनदां वदवून घेतलें. एक तर पेट्रोलाची वाफ, आणि दुसरें म्हणजे ही धातु कमी उष्णतेंत वितळणारी. पाणी तापविण्यास आमच्या घरांतून एक मोठें पातेलें नेण्यांत आलें. तें परत स्वयंपाकघरांत घेतलें जाणार नाहीं असा निकाल माझ्या पत्नीनें तत्काळ दिला, व तो अद्याप कायम आहे.

जेट निघाल्यावर त्यांचीं भोंकें उजेडाकडे धरून पाहिलीं. तीं लाखेनें बंद झालीं होतीं. माझा हात सुईकडे गेला तोंच मिस्त्रींनीं धरला. पोलादाची सुई पितळेस ओरखडते, भोंक तिळभर मोठें होतें, आणि गाडी कायमची अधिक पेट्रोल पिऊं लागते. जेट एक रात्र थिनरमध्यें ठेवून, विजेच्या दोरींतील तांब्याची एकच बारीक तार त्यांतून फिरविली. तांबें पितळेहून मऊ.

सर्वांत हट्टी निघाली ती स्लाइड. तार स्लाइडमधून सोडविली, थिनरमध्यें दोन रात्री बुडविली, तरी ती आपल्या घरांत तशीच घट्ट. येथें तापविण्याची युक्तीहि चालेना, कारण घर आणि स्लाइड दोन्ही एकाच जातीच्या धातूचीं. दोन्ही सारखींच वाढणार. आम्ही तिघे अंगणांत हताश बसलेलों पाहून वहिनी दारांत आल्या. त्यांचें वय एक्याऐंशी. त्यांनीं विचारलें, “भाऊजी, काय अडलंय?”

“वहिनी, पेल्यांत पेला बसावा तशी ही आंत बसली आहे.”

“मग पेल्यासारखीच काढा कीं. दोन पेले एकांत एक अडकले तर आम्ही काय करतों? बाहेरच्याला ऊन पाणी, आंतल्याला गार.”

मीं तीस वर्षें मुलांना प्रसरणाचा धडा शिकविला. पण तो वहिनींच्या मोरीवर रोज चालला होता हें मला सुचलें नव्हतें. स्लाइड आंतून पोकळ असते हें वर सांगितलेंच आहे. थिनर साबणानें धुवून काढलें, कार्ब्युरेटर उकळत्या पाण्यांतून काढला, त्या पेल्याच्या पोटांत बर्फाचे खडे भरले, तो उलटा धरला आणि लांकडी मुठीनें अंगावर टोले दिले. सातव्या कीं आठव्या टोल्यास स्लाइड माझ्या तळहातावर आली. मुलानें अशी आरोळी ठोकली कीं शेजारचे बाहेर आले. दादांनीं खुर्चींतून विचारलें, “निघाली?” आणि उत्तराची वाट न पाहतां ते पुनः वाचूं लागले.

खालचा जेटांचा ठोकळा राहिला होता. उत्साहाच्या भरांत मीं बांबूची कांब घेऊन तो खालून वर ठोकणार, इतक्यांत मिस्त्रींनीं अंगावरचा एक बारीक स्क्रू दाखविला. ठोकळा जागेवर राहावा म्हणून हा आडवा स्क्रू असतो. तो न काढतां ठोकला असता तर पांच दिवसांचें सारें काम मातीस मिळालें असतें. हालत नसलेली वस्तु प्रत्येक वेळीं अडकलेलीच असते असें नाहीं. कधीं कधीं ती कोणी बांधून ठेवलेली असते.

सर्व भाग धुवून ताटांत मांडले. मिस्त्रींनीं स्लाइड उजेडांत धरली, मग कार्ब्युरेटर ज्या तोंडानें इंजिनास लागतो त्या दोन भोंकांच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी ठेवून डोळा बारीक केला.

“चांगलं सपाट आहे जी. पण हे पाहा गुरुजी, आठाच्या आंकड्यासारख्या रेघा. हे तोंड कोण्या मिस्त्रीनं काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासलं आहे. लय जुनं काम आहे.”

“तें कशासाठीं करतात?” मुलानें विचारलें.

“तोंड वांकलं असन तेव्हां. या दोन नटांले कोणी करकचून आवळलं कीं हे तोंड धनुष्यासारखं वांकते. आंतली गोलाई बिघडते. थंड असली त गाडी ठीक चालते. दोन-चार कोस गेली, गरम झाली, कीं स्लाइड वरच्या वर अडकते. मूठ सोडली तरी गाडी पळतच राहाते.” त्यांनीं स्लाइडच्या बाजूवरच्या दोन चकचकीत उभ्या रेघा नखानें दाखविल्या. “इथं घासली होती पाहा. याच्यापायी माणसं मेली आहेत जी.”

माझ्या हातांतला फडका तसाच राहिला. १९७३ च्या गणपतींत, गौरी गेल्या त्या रात्रीं, याच पडवींत कंदील ठेवून मीं दादांचा कार्ब्युरेटर साफ केला होता. दादांनीं ‘राहूं दे’ म्हटलें असतांहि केला होता. पुनः बसवितांना हवेची गळती राहूं नये म्हणून, अंगांत होतें तेवढें बळ लावून मीं तेच दोन नट आवळले होते, आणि सकाळीं दादा माझी पाठ थोपटून निघाले होते. शेगांवची मोरी म्हणजे गाडी पुरती तापावयाचें अंतर.

त्यानंतर कित्येक वर्षांनीं, नट फार आवळल्यास काय होतें तें मीं एका पुस्तकांत वाचलें होतें. त्या दिवशींहि छातींत चर्र झालें होतें. परंतु तेव्हां म्हैस माझ्या मदतीस धांवली. म्हैस आडवी आली असतां कार्ब्युरेटरचा काय संबंध? आणि मीं पुस्तक मिटलें होतें. आतां हें घासलेलें तोंड मला सांगत होतें कीं, अपघातानंतर कोणा मिस्त्रीनें गाडी उघडली, दोष ओळखला, दुरुस्त केला, आणि दुरुस्तीचे पैसे ज्यांनीं दिले त्यांना तो दोष सांगितल्यावांचून तो राहिला नसेल. म्हणजे दादांना पन्नासांहून अधिक वर्षें सर्व ठाऊक होतें.

संध्याकाळीं दिवा लागल्यावर मी दादांजवळ जाऊन बसलों. बराच वेळ कांहीं बोलवेना. शेवटीं विचारलें, “दादा, त्या दिवशीं मोरीजवळ म्हैस खरोखरच आडवी आली होती का?”

दादांनीं चष्मा काढला. “त्या रस्त्यावर म्हशी पुष्कळ असत.”

“त्या दिवशीं?”

“त्या दिवशीं नव्हती.”

आंतून वहिनींचा आवाज आला, “म्हैस माझी हो भाऊजी. सासूबाई विचारत होत्या, कसं झालं, कसं झालं. मला दुसरं कांहीं सुचलं नाहीं.”

मीं सर्व सांगितलें. कंदील, पाना, नट, पुढें वाचलेलें पुस्तक आणि मिटलेलें पान. दादांनीं तें मध्यें न तोडतां ऐकून घेतलें. मग ते म्हणाले, “नट तूं आवळलेस. पण मूठ खालीं येईना तेव्हां मीं क्लच दाबायला हवा होता, नाहीं तर स्विच बंद करायला हवा होता. मी मूठच पिळत बसलों. तेंहि तूं लिहून ठेव.”

“तुम्हीं मला सांगितलें कां नाहीं?”

“तुझी परीक्षा होती. अण्णांना कळतें तर त्यांनीं तुला पुनः पान्याला हात लावूं दिला नसता. शास्त्रहि सोडायला लावलें असतें. आणि सांगून पाय का लांब झाला असता?” थोड्या वेळानें, माझ्याकडे न पाहतां, ते म्हणाले, “राग आला होता. नाहीं असं नाहीं. वर्षभर होता.”

त्या वर्षीं नागपुरास मला दादांचें एकहि पत्र आलें नव्हतें. तें मीं त्यांच्या दुखण्यावर घातलें होतें.

“मग?” मीं विचारलें.

“मग पुढच्या चैत्रांत गाडी दुरुस्त होऊन आली. मी बसून पाहिलं. चांगली चालली. तिच्यावर रागावून किती दिवस काढायचे?” दादांनीं चष्मा पुनः डोळ्यांवर चढविला. “तूं आज विचारलंस तें बरं केलंस. मला वाटलं होतं, विचारायचाच नाहींस.”

या शेवटच्या वाक्यानें मला रात्रभर झोंप लागली नाहीं. मी समजत होतों कीं, मला ठाऊक नव्हतें हेंच माझें निरपराधित्व. परंतु दादा इतकीं वर्षें माझ्या विचारण्याची वाट पाहात असतील, ही गोष्ट माझ्या ध्यानींमनींहि नव्हती. घरांत अशा किती गोष्टी कोणी कोणाच्या सोयीसाठीं बांधून ठेवलेल्या असतात, आणि आपण त्यांना काळानें घट्ट झालेल्या समजून त्यांच्या वाटेस जात नाहीं!

सातव्या दिवशीं जुळणी झाली. मिस्त्रींनीं नवा प्लग घातला, नवी बॅटरी बसविली, तेल बदललें, पेट्रोलाची टाकी धुतली. जातां जातां त्यांनीं मुलास एक ताकीद दिली, ती वाचकांच्याहि उपयोगी आहे. हल्लींच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतली ओल ओढून घेतें व जुन्या गाड्यांतील रबर आणि जस्त यांस सोसत नाहीं. म्हणून जुनी गाडी महिना-दोन महिने उभी ठेवावयाची असेल तर पेट्रोलाचा कॉक बंद करावा व कार्ब्युरेटरचें भांडें रिकामें करून ठेवावें. पांच मिनिटांचें काम आहे, पण तें न केल्यास पुढें पांच दिवस लागतात.

कार्ब्युरेटर इंजिनास लावण्याची वेळ आली. मुलानें पाना माझ्यापुढें धरला. मीं तो घेतला नाहीं. दादांच्या खुर्चीकडे पाहिलें. दादा म्हणाले, “तूंच आवळ.” मग मीं पाव फेरा डावीकडचा, पाव फेरा उजवीकडचा, असे ते दोन नट आळीपाळीनें बसविले. मला अजून थोडें आवळावेसें वाटत होतें, तोंच खुर्चींतून आवाज आला, “पुरे.”

किक मुलानें मारली. पांचव्या किकेस एक धुराचा लोट व खोकला, नवव्या किकेस दोन, आणि मग तो ओळखीचा, सावकाश, छातींत बसणारा फटफट आवाज पडवींत भरला. मुलानें मूठ पिळली, इंजिन गरजलें. त्यानें मूठ सोडतांच स्लाइड टकदिशीं खालीं आली व आवाज आपल्या जागीं बसला.

दादांनीं डोळे मिटले होते. “पुनः पिळ,” ते म्हणाले. मुलानें पिळली. “आतां सोड.” त्यानें सोडली. “पुनः.” असें त्यांनीं पांच-सहा वेळां करावयास लावलें. मुलाला वाटलें, आजोबांना गाडीची गर्जना ऐकावयाची आहे. मला ठाऊक होतें कीं त्यांना तें दुसरें ऐकावयाचें होतें: मूठ सोडल्यावर तिचें खालीं येणें.

भंगारवाला दुपारीं आला आणि परत गेला. वहिनींनीं, कोणी सांगितल्याशिवायच, चहाचें आधण ठेवलें होतें.